आबाजींची टोपी, यात्रेतली टोपी आणि त्यांवरचे बिल्ले

घाटंजी तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंनी दोन टोप्यांचे फोटो पाठवलेत. एक त्यांच्या आजेसासऱ्यांच्या (घरात सगळे त्यांना आबाजी म्हणत) पत्र्याच्या संदुकीतून निघालेली खाकी घडीची टोपी. तिच्यावर पितळी बिल्ला आहे: खांबासारखं काहीतरी, आणि त्यावर इंग्रजीत ‘महार’. दुसरी सोला टोपी, म्हणजे भेंडाची साहेबी टोपी, एका यात्रेत जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून अडीच हजारांना घेतलेली. तिच्यावर मुकुट आणि खाली तेच रेजिमेंटचं नाव. ताई विचारतात: दोन्ही खऱ्या का? २६ जानेवारीच्या शाळेतल्या प्रदर्शनाआधी चकाचक कशा करायच्या? आणि हा संग्रह पुढे वाढवायचा असेल तर सुरुवात कुठून करायची?

ताई, आधी चकाचकचं. बिल्ला पितांबरीने घासू नका. चिंच नको, राखुंडी नको, ब्रासोही नको. का, ते पुढे सांगतो. आज फक्त हात आवरा. घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा, कारण पितळ दिसलं की आपल्याकडे कुणाचे तरी हात शिवशिवतातच.

आता खरं-खोटं. लष्करी टोपी ही एक वस्तू नसते. टोपी वेगळी, बिल्ला वेगळा, आणि तो बिल्ला त्याच टोपीवर होता का हा तिसरा प्रश्न. बाजारात फसवणूक होते ती बहुतेक या तिसऱ्या ठिकाणी. टोपी जुनी असते, बिल्लाही कधीकधी जुना असतो. पण दोघांचं लग्न विकणाऱ्याने मागच्या आठवड्यात लावलेलं असतं. साध्या टोपीला नावाजलेल्या रेजिमेंटचा बिल्ला टोचला की किंमत कितीतरी पट होते, एवढंच त्यामागचं गणित. म्हणून तिन्ही तपासण्या वेगवेगळ्या करा आणि तिसरी कधीच सोडू नका.

संदुकीतल्या टोपीपासून सुरू करू. बिल्ला काढून घेतलेला तुमचा फोटो फार कामाचा आहे. टोपीच्या डाव्या बाजूला खाकीचा एक तुकडा बाकी कापडापेक्षा गडद राहिलाय, आणि त्या गडद डागाचा आकार खालून रुंद, वर निमुळता आहे. म्हणजे खांबाचा. बाकीचं कापड उन्हाने आणि धुण्याने उडालं, बिल्ल्याखालचं झाकलेलं राहिलं. ही सावली बनवता येत नाही असं नाही, पण त्यासाठी वर्षं लागतात, आणि यात्रेतल्या माणसाकडे तेवढी वर्षं नसतात. आता कंपास पेटीतला कर्कटक घ्या. बिल्ल्याच्या मागे दोन कड्या असतील, त्यांच्यामधलं अंतर कर्कटकात पकडा आणि तसंच टोपीच्या भोकांवर नेऊन ठेवा. बरोबर बसायला हवं. मग टोपी उलटून अस्तर बघा. भोकांच्या मागे दोन हिरवट ठिपके फोटोत मला दिसतात. पितळ, घाम आणि केसांचं तेल यांचा तो संसार आहे. कड्यांतून जी पिन घालतात तिने अस्तरावर दाबल्याची आडवी रेघही उमटते. ती दिसते का पाहा. अंतर, हिरवे ठिपके, पिनची रेघ आणि पुढची सावली या चारही गोष्टी एकमेकींशी जुळल्या, तर हा बिल्ला याच टोपीवर पुष्कळ काळ होता हे मी डोळे झाकून मान्य करीन.

बिल्ल्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुमच्या हातात काय आहे याची घरात कुणाला कल्पना आहे असं वाटत नाही. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. त्याआधी पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ महार ही पलटण उभारली होती; ती १९२१ मध्ये मोडली. दुसरं महायुद्ध पेटल्यावर भरती पुन्हा खुली व्हावी यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोर लावला होता, आणि बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ स्वतः फौजेत सुभेदार होते, हे तुमच्या घरात सांगायची गरज नाही. नव्या रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर भीमा-कोरेगावचा विजयस्तंभ होता, १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली आणि बिल्ल्यावर तिवईवरच्या दोन व्हिकर्स मशीनगन फुली मारल्यासारख्या आल्या. स्तंभ त्यांच्याबरोबर होता. स्वातंत्र्यानंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला, तो आजही आहे. म्हणजे नुसता स्तंभ असलेला बिल्ला हा सुरुवातीच्या मोजक्या वर्षांचा. आबाजींची भरती युद्धकाळातली असेल तर हिशेब जुळतो.

पण नुसता स्तंभ आहे म्हणून नाचू नका. याच बिल्ल्याच्या नकला सगळ्यात जास्त निघतात, कारण तो घ्यायला माणसं भावनेने येतात, आणि भावनेने आलेला गिऱ्हाईक मागची बाजू बघत नाही. तुम्ही बघा. साच्यात पत्रा ठोकून केलेला बिल्ला असेल तर समोर जिथे उंचवटा तिथे मागे खळगा, तंतोतंत. ओतीव असेल तर पाठ सपाट किंवा दाणेदार, कुठे सुईच्या टोकाएवढी भोकं, अक्षरांच्या कडा बोथट, काठावर कानशीचे ओरखडे. विलायती बिल्ल्यांबद्दल लिहिणारे सांगतात की ओतीव म्हणजे नक्कल. आपल्याकडे हा नियम डोळे मिटून लावला तर खऱ्या वस्तू फेकल्या जातील. युद्धात पलटणी भराभर वाढल्या. साऱ्या युद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली. एवढ्यांना विलायतेतून बिल्ले कुठून येणार? बरेच इथल्याच बाजारात कारागिरांनी ओतले. त्यामुळे हिंदी रेजिमेंटचा ओतीव, जरा गावठी दिसणारा बिल्ला अस्सल असू शकतो.

मग ओळखायचं कशावर? झिजेवर. शिपाई रोज बिल्ला घासायचा, त्यामुळे उंच भाग लोण्यासारखे गुळगुळीत होतात आणि खोलगट कोपऱ्यांत जुन्या पॉलिशची पांढरट-हिरवी माती बसते. मागची बाजू कुणी घासत नाही, ती काळपट तपकिरी राहते. नक्कल करणारा बिल्ला आम्लात बुडवतो, त्यामुळे रंग पुढे-मागे, उंचावर-खोलात सगळीकडे सारखाच चढतो. मागच्या कड्यांचा जोड पाहा: जुनं झाळकाम (सोल्डर) मळकट, नवं चकचकीत राखाडी. तुमच्या बिल्ल्याच्या खांबाचं टोक झिजून बोटासारखं गोल झालंय आणि ‘महार’मधलं पहिलं अक्षर शेवटच्यापेक्षा जास्त पुसलंय. उजव्या हाताने एकाच दिशेने घासणाऱ्या माणसाचा बिल्ला असाच झिजतो. पाठ तुम्ही पाठवलेली नाही, पण एवढ्यावरही मी हा खरा धरतो.

टोपीचं अस्तरही एकदा उजेडात धरा. शिक्का बहुतेक पुसट असतो: बनवणाऱ्याचं नाव, साल, आणि इंची माप, म्हणजे पावणेसात, सहा पूर्णांक सात अष्टमांश वगैरे. त्याबरोबर सरकारी बाणाची खूण. हिंदी सरकारच्या मालावर बाणासोबत इंग्रजी ‘आय’ असतो. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च मिळतो, तो अंधाऱ्या खोलीत शिवणीवर मारा. आजचा पॉलिस्टर दोरा बरेचदा निळसर पांढरा चमकतो, जुना सुती दोरा मंदच राहतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: गेल्या तीस-चाळीस वर्षांत घरच्या बाईने कौतुकाने ती टोपी डिटर्जंटमध्ये धुतली असेल तर खरी टोपीही चमकेल, कारण पावडरीतली पांढरेपणाची द्रव्यं कापडात राहतात. चमक दिसली म्हणून लगेच खोटी म्हणू नका. पण नुसता दोरा चमकतोय आणि कापड नाही, तर ती शिवण नवी आहे.

आता यात्रेतली टोपी. इथे गोड बोलून उपयोग नाही.

तिच्यावरचा मुकुट नीट बघा. ब्रिटिश मुकुटाचे दोन नमुने हाताळणाऱ्याला माहीत हवेत. १९०१ पासून सातव्या एडवर्डपासून सहाव्या जॉर्जपर्यंत जो चालला त्याच्या वरच्या कमानी सरळ गोल घुमटासारख्या असतात. राणी एलिझाबेथ १९५२ मध्ये गादीवर आल्या, त्यांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या, दोन खांदे वर आल्यासारख्या. तुमच्या बिल्ल्यावर दबलेला मुकुट आहे. भारत २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला, फौजेच्या निशाण्यांवरून मुकुट उतरले आणि अशोकाचे सिंह आले. म्हणजे राणीचा मुकुट तयार व्हायच्या आधीच आपल्या रेजिमेंटांनी मुकुट सोडला होता. हिंदी रेजिमेंटचं नाव आणि राणीचा मुकुट एकाच बिल्ल्यावर दिसला की तो कुणीतरी मागाहून मनाने बनवलेला. अपवाद गुरखा पलटणींचा: फाळणीच्या वेळी दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी गुरखा रायफल्स ब्रिटिश फौजेत गेल्या, त्यांच्यावर राणीचा मुकुट येतो. उलटीकडून तेवढंच महत्त्वाचं: राजाचा मुकुट दिसला म्हणजे वस्तू १५ ऑगस्ट १९४७ आधीची, असं नाही. १९४७ ते १९५० ही मधली वर्षं मुकुट तसेच चालू होते.

हाच कायदा खांद्यावरच्या निशाण्यांना लावा. मेजरच्या मुकुटाच्या जागी सिंह आले, आणि अधिकाऱ्यांच्या जुन्या चौकोनी धाटणीच्या ताऱ्याच्या जागी आपला पाच टोकांचा तारा. एका डब्यात चौकोनी तारा आणि सिंह एकत्र निघाले तर दोन वेगळ्या काळांतले आहेत असं समजा. एकाच माणसाचेही असू शकतात, त्याने दोन्ही काळ नोकरी केली असेल तर.

आणि टोपी? टोपी जुनी आहे, पण माझ्या मते ती फौजेची नाहीच. विदर्भात ‘मिलिटरी टोपी’ म्हणून सगळ्यात जास्त विकली जाते ती साधी मुलकी सोला टोपी. पाणथळ जागी वाढणाऱ्या शोला नावाच्या झाडाच्या भेंडाची, वजनाला पिसासारखी. ती कोण घालत नव्हतं? जंगल खात्याचा रेंजर, पीडब्ल्यूडीचा ओव्हरसियर, मिशनचे डॉक्टर, रेल्वेचा इन्स्पेक्टर, आणि साहेबाची नक्कल करणारे आपले मालगुजार. भंडारा-चांद्याकडच्या कुठल्याही मालगुजारी वाड्याच्या माळ्यावर एखादी मिळतेच. तुमच्या टोपीत आत दुकानदाराची छापील चिठ्ठी आहे, बाणाची खूण नाही, आणि समोरची भोकं बिल्ल्यासाठी ताजी पाडलेली आहेत: भोकाच्या कडेला कापडाचे धागे पांढरे आणि मोकळे दिसतात, मळलेले नाहीत. तपासणी तिसरी, तिथेच संपली. टोपीसाठी काही शेकडे ठीक होते. बिल्ल्यासाठी काहीच नाही. विकणारा पुन्हा भेटला तर पैसे मागून बघा, पण भांडणात वेळ घालवू नका. प्रदर्शनात ही टोपी ठेवायची असेल तर बिल्ला काढून ‘मुलकी सोला टोपी’ एवढीच पाटी लावा, ती वस्तू तशीही सुंदर आहे.

आता साफसफाई. पितळेवरचा तपकिरी थर हा मळ नाही, धातूचीच कातडी आहे. आम्लाने, म्हणजे चिंचेने किंवा आंबट पावडरीने, ती जाते आणि पितळेतलं जस्त आधी विरघळून पृष्ठभाग गुलाबी, खरबरीत होतो. ब्रासोत घासण्याची बारीक पूड असते; देव्हाऱ्यातल्या समईला चालेल, पण ज्या अक्षराचे शेवटचे काठ उरलेत त्याला नाही. बिल्ला टोपीवरून काढा. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. मग डिस्टिल्ड वॉटर (गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते, आम्लाची बाटली वेगळी असते, नीट वाचून घ्या) आणि साध्या साबणाचा एक थेंब, जुना मऊ टूथब्रश, पुन्हा स्वच्छ पाणी, आणि सावलीत पूर्ण वाळवणं. हिरवं मेणचट जे साचलंय ते बांबूच्या दातकोरणीने हळूहळू उचला. घट्ट असेल तर टर्पेंटाइनचा थेंब लावून थोडं थांबा. सुई, पिन, पोलादी घासणी अजिबात नाही. परत टोपीवर लावताना बिल्ला आणि कापड यांच्यामध्ये पारदर्शक पॉलिस्टर शीटचा तुकडा कापून घाला, म्हणजे हिरवं पुढे पसरणार नाही. टोपी धुऊ नका. घामाच्या पट्टीवरचा तेलकट डागही राहू द्या. तो आबाजींचाच आहे.

युद्धकाळातले काही विलायती बिल्ले पितळ वाचवण्यासाठी प्लॅस्टिकचे केलेले असतात, तपकिरी किंवा राखाडी. असा एखादा मिळाला तर पाण्याशिवाय काही लावू नका आणि डांबर गोळ्यांजवळ ठेवू नका, त्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात.

ठेवण्याचं आपल्या हवेत फार पाहावं लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि पत्र्याच्या छपराखालची पत्र्याची संदूक म्हणजे भट्टी. चामड्याची पट्टी तडकते. जुलैत त्याच संदुकीच्या आत घाम सुटतो. टोपी संदुकीतून बाहेर काढा. आतल्या भिंतीला असलेलं लाकडी कपाट चांगलं, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून चार बोटं सुटं, उधईसाठी. टोपीत वर्तमानपत्र कोंबू नका, तो कागद आंबट असतो आणि शाई सोडतो. दोनदा धुतलेलं खळ काढलेलं मलमल भरा आणि वरून मांजरपाटाची पिशवी. कसर लागल्याची शंका असेल तर टोपी हवा काढून पॉलिथिनमध्ये घट्ट बांधा आणि आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर दव कापडावर बसतं. फक्त बिल्ला आधी काढा, आणि सोला टोपीला हे करू नका. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर पूर्ण वाळलेला, पुरचुंडीत, कापडाला न लागता. आणि गोधड्यांबरोबर टोप्या उन्हात घालायची सवय मोडा, रंग परत येत नाही.

संग्रह वाढवायचा म्हणता, तर टोप्यांपासून नका सुरू करू. टोप्या जागा खातात, कसर खाते त्यांना, आणि लग्न लावलेल्या जोड्या तिथेच जास्त. खांद्यावरची पितळी अक्षरं आणि बटणं यांपासून करा. ती स्वस्त, नकला कमी, आणि डोळा तयार होतो. दिवाळीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात, तेव्हा भंगारवाल्याशी ओळख ठेवा. त्याच्यासाठी पितळ म्हणजे किलोचा भाव; त्याच्या गोणीतून मूठभर बटणं वितळायच्या आधी वाचवायची असतील तर भावापेक्षा थोडं जास्त द्यावं लागतं, तेवढंच. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याकडे ओळखीचा जुना कारागीर असेल तर ओतीव आणि ठोकीव यातला फरक त्याच्याकडून हातात घेऊन शिका. फोटोंनी तो कळत नाही.

आपल्या भागात काय मिळेल याचा अंदाज असू द्या. कामठीची छावणी १८२१ ची, आणि आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. त्यांचा गरुडाचा बिल्ला त्यामुळे इथे पुष्कळ दिसतो, पण तो प्रजासत्ताकाच्या काळातला, त्याला कुणी ‘इंग्रजांच्या वेळचा’ म्हणून विकू लागला तर हसून पुढे जा. परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निझामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेची, छावणी होती. त्या फौजेतली एक पलटण १९०३ मध्ये ९६ वी बेरार इन्फंट्री झाली, पुढे १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली, आणि ती रेजिमेंट १९४५ मध्ये कुमाऊँ झाली. कुमाऊँच्या एका पलटणीच्या नावाला बेरार अजून चिकटलेलं आहे. नाव वऱ्हाडाचं, पण शिपाई बहुतेक उत्तरेकडचे, म्हणून ते बिल्ले अमरावती-अकोल्याच्या घरांत सहसा सापडत नाहीत. सापडला तर दोनदा तपासा. नागपूर व्हॉलंटिअर रायफल्स या इंग्रजांच्या काळातल्या स्वयंसेवक पलटणीचं काही मिळालं तर मात्र मला आधी कळवा.

बाकी गोणीत जे निघतं ते बहुतेक फौजेचं नसतंच. चपराश्याच्या पट्ट्यावरची पितळी चकती, सी. पी. अँड बेरार पोलिसांचे बिल्ले, बंगाल-नागपूर रेल्वेची बटणं. विकणारा सगळ्यांना ‘आर्मीचं’ म्हणतो. माझं मत विचाराल तर घाटंजीत राहून जमवायला हाच माल जास्त चांगला: इथला आहे, खरा आहे, आणि किंमत अजून शेकड्यांत आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते; अशी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, कुणी परदेशी गिऱ्हाईक कितीही देवो. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने गणवेश किंवा निशाणी घालणं हा गुन्हा आहे. शाळेच्या नाटकात पोराने टोपी घातली तर त्यात तो हेतू नसतो, घाबरू नका. पण सध्या चालू असलेल्या नमुन्याचे बिल्ले आणि चित्त्याच्या ठिपक्यांच्या टोप्या जमवू नका. गडचिरोली-गोंदियाकडच्या रस्त्यावर पिशवीत तसलं काही निघालं तर उत्तर देता देता पुरेवाट होते, आणि ती वस्तू जुनीही नसते.

प्रदर्शनाआधी एक काम मात्र नक्की करा. आबाजींचं डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचे कागद त्याच संदुकीत तळाला असतील, त्यावर त्यांचा आर्मी नंबर असेल. तो घेऊन यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रेजिमेंटचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे, तिथे अर्ज कसा करायचा ते कार्यालयातून कळेल. भरतीचं साल आणि पलटण हाती आली की टोपीच्या पाटीवर तेवढंच लिहा, आणि तोच कागद झेरॉक्स करून टोपीच्या पिशवीत ठेवा. बिल्ल्याच्या पाठीचा एक फोटो, शेजारी पट्टी ठेवून, मला पाठवा; कड्या तांब्याच्या तारेच्या आहेत का पितळेच्या, ते मला बघायचंय.